लांब हाताच्या यंत्राचा कॅटलॉग

मी एक कॅटलॉग बोलतोय. साड्यांचा नव्हे, भांड्यांचाही नव्हे. टेलिहँडलर नावाचं यंत्र असतं, लांबलचक लोखंडी हात पुढे काढून ओझं उचलणारं. त्याच्या सुट्या भागांचा मी कॅटलॉग. माझं कुठलंही पान उघडा, यंत्राच्या चिंधड्या उडालेल्या दिसतील. नट एकीकडे, वॉशर दुसरीकडे, पिस्टन अधांतरी. पण प्रत्येक तुकड्याला नंबर आहे, आणि कुणी कुणाशेजारी बसायचं हे ठरलेलं आहे.

जन्मलो तोही मार खातच. छापखान्यात रुळांनी दाबलं, पात्यानं कडा छाटल्या, पाठीत तारा ठोकल्या. मग यंत्राबरोबर एका लाकडाच्या वखारीत आलो.

वखारीचा मालकच तिथला फिटर. लोक तोंडावर ‘मालक’ आणि पाठीमागे ‘हातोडा’ म्हणत. बोल्ट निघाला नाही की घण घालायचा, माणसानं ऐकलं नाही की हात टाकायचा. बायको होती तोवर तिनं मार खाल्ला, ती गेल्यावर मुलानं. मुलगा तिशीला आला, यंत्र चालवू लागला, तरी बापाचा आवाज चढला की त्याची मान आपोआप खांद्यांत जायची.

मी सीटमागे धूळ खात होतो. ‘‘यंत्राला आणि जनावराला एकच भाषा कळते,’’ असं म्हणणारा माणूस मला कशाला उघडतोय!

मग घरात सून आली. तिच्या माहेरी गॅरेज होतं. नखांतलं ग्रीस लग्नाच्या दिवशीही निघालं नव्हतं म्हणे. तिनं मला बाहेर काढलं, पुसलं, आणि आधी यंत्रावरच्या पत्र्याच्या पाटीवरचा क्रमांक वाचला.

‘‘मामंजी, मॉडेल एकच असलं तरी जुन्या यंत्राचे पार्ट वेगळे आणि नव्याचे वेगळे. आधी आपलं कुठलं ते बघायचं, मग पान काढायचं.’’

नवऱ्याला तिचं कौतुक वाटलं. सासऱ्याला वाटलं, कुणीतरी चारचौघांत आपली टोपी उडवली.

एका सकाळी बूम, म्हणजे यंत्राचा तो लांब हात, वर उचललेला असताना आपसूक खाली येऊ लागला. सुनेनं माझ्यात शोधून सांगितलं, ‘‘सिलिंडरवरचा लॉक वाल्व्ह गेलाय. तेलाचा पाइप फुटला तरी बूमला वर धरून ठेवतो तो हाच.’’

दुकानातून वाल्व्ह आला. तिनं त्यावरचा नंबर माझ्याशी ताडून पाहिला आणि मान हलवली. ‘‘हा जुन्या यंत्राचा दिला त्यांनी. परत पाठवू या.’’

‘‘आटे बसतात ना?’’ हातोड्यानं विचारलं.

‘‘बसतात. पण आतली रचना...’’

‘‘आटे बसले, विषय संपला. बाहेर ट्रक खोळंबलाय.’’

ती सिलिंडरसमोर उभी राहिली. ‘‘मी बसवू देणार नाही, मामंजी.’’

त्यानं मला तिच्या हातातून हिसकावलं आणि माझ्याच जाड कण्यानं तिच्या तोंडावर मारलं. पुन्हा मारलं. भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरलं, तरी तो मारतच होता. मला हात असते तर मी त्याचं मनगट धरलं असतं. ज्याला हात होते तो तिचा नवरा यंत्राच्या केबिनमध्ये बसून स्टिअरिंगकडे बघत राहिला.

हातोड्यानं मला भिरकावलं, वाल्व्ह बसवला आणि मुलाला ओंडके उचलायला लावलं. ओझं वर गेलं. एक ओंडका तिरका झालेला दिसला म्हणून हातोडा स्वतःच ओझ्याखाली जाऊन काठीनं सारू लागला. तेवढ्यात पाइप फुटला. तापलेल्या तेलाचा फवारा उडाला, चुकीच्या वाल्व्हनं काही धरलं नाही आणि बूम धाडकन कोसळला. ओंडके चौफेर उधळले. वाळकी फळी मोडावी तसा आवाज आला. हातोड्याचा पाय गुडघ्याखाली लोखंडाखाली गेला होता आणि तो गुरासारखा ओरडत होता.

मुलगा उतरला. हातात पाना होता. बापाच्या डोक्याशी येऊन उभा राहिला आणि त्यानं पाना वर उचलला.

‘‘आईसुद्धा अशीच ओरडायची,’’ तो म्हणाला. ‘‘राहू दे याला इथंच.’’

सुनेनं शेडच्या गर्डरला टांगलेली, ओझं उचलायची चेनपुली ओढत आणून बूमला अडकवली होती. एक डोळा रक्तानं मिटलेला. ‘‘साखळी ओढ!’’ ती किंचाळली. आजवर तिनं नवऱ्याला अरेतुरे केलं नव्हतं.

‘‘तू त्याला वाचवतेस? त्याला?’’

‘‘मी बूम उचलतेय. ओढ!’’

त्यानं पाना यंत्राच्या काचेवर फेकला. काचेचा चुरा झाला. मग रडत रडत त्यानं साखळी धरली.

पाय कापावा लागला. हातोडा कुबड्यांवर घरी आला त्या दिवशी सून योग्य नंबरचा वाल्व्ह बसवत होती. तिला बघताच त्याचं डोकं फिरलं. ‘‘तुझ्या तोंडामुळं झालं सगळं!’’ म्हणत त्यानं कुबडी उगारली. तिनं ती वरच्या वर धरली. शेजारी नवराही येऊन उभा राहिला, आणि या वेळी त्याची मान ताठ होती.

‘‘पुन्हा कुणावर हात टाकलात तर आम्ही दोघं निघून जाऊ,’’ ती शांतपणे म्हणाली. ‘‘मग लोखंडाला मारत बसा.’’ तिनं त्याला स्टुलावर बसवलं आणि मला त्याच्या मांडीवर ठेवलं. ‘‘नंबर वाचा. मी नट लावते.’’

त्यानं पानावर बोट ठेवलं. मग एकेक आकडा दाताखाली खडा आल्यासारखा वाचू लागला.

काम झालं. सगळ्यांना लांब उभं करून नवऱ्यानं बूम ओझ्यासकट वर नेला आणि इंजिन बंद केलं. म्हाताऱ्यानं डोळे घट्ट मिटले. माझी पानं त्याच्या मुठीत टरकली.

‘‘पडला?’’

‘‘नाही, मामंजी.’’

‘‘आता?’’

‘‘नाही.’’

आता माझं कव्हर गेलंय, तारा गंजल्यात, फाटकी पानं तिनं चिकटपट्टीनं जोडलीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे: पाना उचलण्याआधी मला उघडा, आणि नंबर जुळला नाही असं एखादी सून सांगू लागली, तर तिचं ऐका.