दुधीचा निवाडा

कौमुदीने पुण्यात एम.ए.ला मध्ययुगीन इंग्लंडमधल्या जहागिरीच्या न्यायसभा अभ्यासल्या होत्या. तिथे शेजाऱ्यांच्या तंट्यांचा निवाडा गावकरीच करत. आता जपानमधल्या ग्योतोकुत भाड्याने घेतलेल्या वाफ्यातला तिचा दुधीचा वेल शेजारच्या वाफ्यातल्या मोरीसानांच्या वांग्यांवर पसरला आणि त्यांनी तक्रार केली, तेव्हा आजूबाजूचे सगळे वाफेवाले जमले.

त्यांनी वेल पाहिला, दबलेली वांगी पाहिली, आपसांत बोलून घेतलं. वयाने मोठ्या इतोसान म्हणाल्या, "वेल मागे ओढायचा. पलीकडे लागलेले दुधी मोरीसानांचे."

कौमुदीला निवाडा पटला. पुस्तकातलं गाव समोर बघून मजाही वाटली.

मोरीसान दुधी हातात घेऊन उभेच होते. "पण हा खायचा कसा?"

"रविवारी घरी या. चणाडाळ घालून करते."

रविवारी ते आले, इतोसानांनाही घेऊन. दोघांनी भाजी पुन्हा मागून घेतली.