सगळ्यात मागच्याची घंटी

मी एक जुनी घंटी आहो, मित्रांनो. देवळातली नव्हे, गाईच्या गळ्यातली. कळमेश्वरच्या बाजारात एका लोहारानं पत्रा ठोकून मले घडवलं अन् जीभ म्हणून ट्रकचा गंजका नट लटकावला. "आवाज गोड नाही हिचा, पण दूर जाते," म्हणे. नत्थूनं तेवढ्यावरच घेतलं मले.

नत्थू गावाच्या गाई राखे. बारा वर्षं मी त्याच्या म्होरच्या गाईच्या गळ्यात होती. मी वाजून राहिली का नत्थू निवांत बिडी ओढे. फक्त जंगलाच्या चौकीपाशी चराईले बंदी. तिथं आलं का तो माह्या तोंडात मूठभर गवत कोंबे, चौकी मागं पडली का काढून फेके. त्याच्या हाताले ती सवयच पडली.

मंग गाय म्हातारी होऊन मेली. मले गोठ्यातल्या खिळ्याले अडकवलं, अन् तीन वर्षं कोणी हात लावला नाही. पोटात गांधीलमाश्यायनं घर केलं. पुढं नागपूरचे लोक जंगल फिराले येऊ लागले, नत्थू त्यायले वाट दाखवू लागला, तवा मले धुतलं. आता मी लाइनीतल्या सगळ्यात मागच्या माणसाच्या पिशवीले. मी वाजली म्हंजे सगळे आहेत. नत्थूले मागं वळून पाहाचं काम नाही.

यंदा दिवाळी झाल्यावर आठ जण आले. सगळ्यात मागं यमुताई. पोस्टातून रिटायर झालेल्या, गुडघे दुखरे, तोंड मात्र तिखट. त्यायचा भाचा वसंत पुढून वरडला, "मावशी, तुम्हाला मागून पार्सलनं मागवू का?"

"तुझ्यासारखे चाळीस जण मी रोज काउंटरसमोर उभे करत होते. चाल तू!"

सकाळी माळ ओलांडला. गवत कमरेएवढं, पिवळं, दवानं ओलं. मंग सागाचं रान, अन् रानाच्या कडेले चौकी. आज परवानगीचा कागद खिशात होता, लपाचं कामच नव्हतं. पण नत्थूचा हात कागद वाचते थोडाच! गप्पा सांगत मागं आला, गवत उपटलं, माह्या तोंडात गच्च कोंबलं, अन् बोलत बोलतच पुढं निघून गेला. चौकी गेली. गवत तसंच राहिलं.

मित्रांनो, जीभ असून बोलता येत नाही म्हंजे काय, हे मले त्या दिवशी समजलं.

दुपार कलली तवा नाला आला. सगळे पार होऊन वरच्या झाडीत चढले. यमुताईचा पाय शेवाळावरून सटकला अन् दोन दगडायच्या मधात फसला.

"वसंता! अरे थांबा!"

नाला खळाळून राहिला होता. हाक तिथल्या तिथंच बुडाली. अन् नत्थू? गाईच्या दिवसापासून चौकीच्या रानात घंटी चूप म्हंजे सगळं ठीक, हे त्याच्या अंगात मुरलेलं. तो चालतच राहिला.

तेवढ्यात पलीकडची झुडपं हालली. रानडुकरीन, मागं चार पिल्लं. यमुताईनं श्वास धरला. हळूच पिशवी ओढली, मले हलवलं. ठस्स. फिरवून पाहिलं, तर गवत! आता वाजवलं तर डुकरीन बिथरन, नाही वाजवलं तर दिवस बुडन. त्यायनं केसातला आकडा काढला. एकेक काडी ओढली. डुकरीन टक लावून उभी.

शेवटची काडी निघाली, अन् यमुताईनं दोन्ही हातानं मले बडवलं!

डुकरीन धावली. पाणी उडालं. हातभर अंतरावरून गेली अन् पिल्लायले घेऊन झाडीत घुसली. यमुताई तरीही वाजवतच राहिल्या, नत्थू धापा टाकत नाल्यात उतरेपर्यंत.

दगड सरकवून त्यानं पाय मोकळा केला. गुडघ्यापर्यंत सुजला होता. वसंत पांढराफटक. "मावशी, हाक का नाही मारली?"

"मारली. अकरा वेळा."

मंग नत्थू खालच्या मानेनं म्हणे, "त्याले काहून बोलता ताई, गवत म्या कोंबलं. चौकी दिसली, अन् हाताले वाटलं गाईच आहेत."

"गाई?" यमुताई कण्हत होत्या, तरी बोलल्याच. "नत्थूभाऊ, दूध नाही मागितलं हे उपकार म्हणायचे."

नत्थू हसला, अन् हसता हसताच त्याचे डोळे भरले.

परतताना त्यानं यमुताईले काठी देऊन सगळ्यात पुढं केलं अन् मले वसंताच्या पाठीले अडकवलं. त्या लंगडत चालत अन् बाकीचे सगळे त्यायच्या पायानं चालत. माळावर आले तवा सूर्य बुडाला होता. "लवकर चला" असं कोणीच म्हटलं नाही.

मित्रांनो, मले घासून चमकवू नका, तेलही नका लावू. फक्त एवढं करा. चालता चालता मागचा आवाज थांबला, तर सगळं ठीक असन असं समजू नका. दहा पावलं परत जा अन् माणूस पाहून या.