मनगटापर्यंत पाणी

मित्रांनो, मी एनॅमलचा एक जुना वाडगा आहे. आज रखमाबाईच्या ओट्यावर माझ्यात कोथिंबीर उगवते. पण एके काळी ठाण्यातल्या एका लहान खाजगी इस्पितळात मी ऑपरेशनच्या टेबलाशेजारी असे. माझ्यात उकळून निवलेलं मिठाचं पाणी, आणि त्यात डॉक्टरांनी मोजे चढवलेले हात धुवायचे.

तेव्हा रबरी मोजे धुऊन पुन्हा वापरत. ते चिकटू नयेत म्हणून तिथली आया रखमाबाई त्यांना पावडर लावी. हात सढळ. ‘लेकराला लावावी तशी लावते,’ म्हणे. ही पावडर पोटात राहिली तर आतडी एकमेकांना चिकटतात, असं उत्तरा सिस्टरांनी सांगितलं, तेव्हा तिने आठवडाभर अबोला धरला. डॉक्टर प्रभाकर मान डोलवत आणि माझ्यात बोटं बुडवत, नैवेद्याभोवती पाणी फिरवतात तितपत. कोण किती बुडवतं, याची नोंद माझ्याकडे पक्की होती.

सन चौपन्नमध्ये चेंदणीच्या कोळीवाड्यातली मंजुळा आली. पूर्वी दुसरीकडे तिचं पोट उघडलं होतं. आता आतडी चिकटून वाट बंद झाली होती.

“म्हंजे ओले बोंबील ढिगात टाकल्यावानी?” तिने विचारलं.

“अगदी तसंच,” डॉक्टर म्हणाले.

“मंग सुटे करून वाळत घाला. पुन्यांदा चिकटले तर मी काय उठत नाय.”

“वाळवायचे नाहीत हो,” सिस्टर म्हणाल्या, “हे ओलेच ठेवायचे.”

ऑपरेशन सुरू झालं. डॉक्टर एकेक वेढा हलक्या हाताने सोडवत होते, सिस्टर त्यावर ओली फडकी घालत होत्या. शेवटच्या वेढ्यापाशी डॉक्टरांचा मोजा फाटला. रखमाबाईने नवी जोडी उघडून दिली, पावडरीने पांढरीफटक. ती चढवून डॉक्टरांचा हात तसाच पोटाकडे निघाला. सिस्टरांनी मला मध्ये धरलं.

“नाडी पडतेय, सिस्टर. बाजूला व्हा.”

“म्हणूनच सांगते. हिचं पोट तिसऱ्यांदा उघडता यायचं नाही.”

मग मागून रखमाबाईचा आवाज आला, “धुवा साहेब. हात माझाच सढळ झालाय.”

डॉक्टरांनी मनगटापर्यंत हात बुडवले. माझं पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. ते सगळ्यांनी पाहिलं. पाणी बदललं, हात पुन्हा धुतले.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी मंजुळेला उठवून चालवलं. “अगं, टाकं तुटतील,” म्हणत तिची सासू आवडाबाई मागे मागे. मंजुळा कण्हत खाटेभोवती फिरली. पोट मात्र मुकंच. तीन दिवस सगळे एकाच बातमीची वाट पाहत होते. चौथ्या दिवशी वारा सरला, आतली वाट मोकळी झाली. आवडाबाईने ते सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं सांगितलं. मंजुळा लाजली, डॉक्टर खुर्चीत टेकले.

पुढे माझे पोपडे उडाले, मला कामावरून काढलं. बरोबरच केलं. मंजुळा अजून रखमाबाईकडे सुके बोंबील आणते, एकेक सुटा.

मित्रांनो, माझ्या जागी आता नवा वाडगा आहे. तो काही बोलणार नाही. तुम्ही मोठे होऊन त्याच्यासमोर उभे राहिलात, तर कितीही घाई असो, हात मनगटापर्यंत बुडवा.