आखणीचा वेग

देवाने नमिताच्या हाताला सुरेख वळण दिलं आणि तिथेच तिची पंचाईत करून ठेवली. पेणजवळच्या जोहे गावातल्या तिच्या घरच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखणारी ती एकटीच. रोह्याकडच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती, पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. पण तिच्या बाबांचं, कमळाकरांचं, एकच पालुपद, "गणपती गेले का जा." कंपनी काय विसर्जनापर्यंत थांबणार होती?

बाबा तसे मायाळू, पण हट्टाला पेटले की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नसत. मूर्ती वेळेत जात नाहीत म्हणून त्यांनी साच्यांवर माणसं वाढवली. तरी टेम्पोत चढणाऱ्या मूर्ती तेवढ्याच. उरलेले बिनडोळ्यांचे बाप्पा फळीवर रांगेने नमिताची वाट बघत बसले. ती रांग बघून तिचा जीव गुदमरायचा.

एकदा ब्रश धुताना तिला पेणच्या कॉलेजातलं प्रॅक्टिकल आठवलं. ॲसिटोन आणि आयोडीनची अभिक्रिया. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि वेग मोजायचा. आयोडीन दुप्पट केलं, तर वेग ढिम्म हलला नाही. ॲसिटोन दुप्पट केलं, तर वेग दुप्पट झाला.

साच्यांवरची माणसं म्हणजे आपलं आयोडीन! तिला हसूच फुटलं. मग तिने कारखान्यात प्रयोग मांडला. बाकी सगळे होते तिथेच, फक्त आखणीला आणखी एक हात. तिची वहिनी शीतल प्लास्टर कालवायची आणि नागपंचमीला माहेरी, अष्टमी गावाला, जायच्या गोष्टी करायची. रांगोळीत मात्र तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. नमिताने तिला आधी मोडक्या मूर्तींवर शिकवलं, मग खऱ्या मूर्तींवर बसवलं. वहिनीचा हात बसला आणि टेम्पोत दुप्पट मूर्ती चढू लागल्या.

"बघा बाबा," नमिताने आनंदाने सांगितलं, "अडत होतं ते आखणीपाशी. आता मी गेले तरी वयनी हाय. पहिल्याएवढ्या मूर्ती जातीलच."

"डोकं हाय गो तुझं!" बाबांनी तिची पाठ थोपटली, मोबाइल काढला आणि उभ्या उभ्या व्यापाऱ्याला दुप्पट मूर्ती कबूल करून टाकल्या.

"आणि माझी नोकरी?"

"आता तर हलूच नको. दोघी हायत म्हणून तर शब्द दिला. शीतल, तू पण माहेरी गणपतीनंतरच जा."

वहिनीकडे बघायची नमिताला हिंमत होईना.

शीतलने पुढची मूर्ती ओढून घेतली, एक डोळा आखला आणि मान वर न करता म्हणाली, "नमे, मला कशाला शिकवलंस गो?"