दाढदुखीचं चीज

माझी ननंद चीज बनवते. बनवायची, म्हणायला हवं. तिच्याच हातचं चीज खाऊन तिची लेक चिंगी मरता मरता वाचली. चीजमधल्या जंतूंनी दोन औषधांना भीक घातली नाही, तिसरं कसंबसं लागू पडलं. त्या दिवशी बाईनं भांडी पालथी घातली ती घातलीच.

"अगं, दूधच खराब होतं. तुझा काय दोष?" मी म्हटलं.

"हात तर माझेच होते ना, वहिनी."



मी प्रयोगशाळेत काम करते. तसलेच चिवट जंतू बशीत वाढवले, मधोमध लवंगेच्या तेलाचा थेंब ठेवला, तर थेंबाभोवती सगळं साफ! माझे पाय जमिनीवर ठरेनात. घरी चांगल्या दुधाच्या चीजमध्ये तेल घालून ननंदेला चाखायला दिलं. तिनं तोंड वाकडं केलं.

"चीज आहे की दाढ भरून घेतली? कमी घाल."

कमी घातलं की जंतू मजेत. इकडे आड, तिकडे विहीर.

त्यातच मी गाढवपणा केला. तुलनेसाठी बिनतेलाची एक बशी असते, तिच्यात जंतू माजायलाच हवेत. घाईघाईत ती तेलाच्या बशांबरोबर एकाच बंद डब्यात ठेवली. सकाळी बघते तर तीही कोरी!

"प्रयोग गेला पाण्यात," साहेब कडाडले.

स्वतःला शिव्या घालत मी डबा आवरायला घेतला, तर लवंगेचा भपकारा नाकात गेला. अगं बाई! या बशीला तेल शिवलंच नव्हतं. नुसत्या वासानं जंतूंना लोळवलं होतं.

"साहेब, तेल चीजमध्ये घालायचंच कशाला? झाकणाला आतून लावू!"

पुन्हा पुन्हा करून पाहिलं, बशीत आणि मग चीजवरही. दूध नीट तापवायचं आणि वर हा पहारा. दोन्ही मिळून जमलं.

ननंदेनं भांडी सरळ केली. झाकणाखाली तेलाचा कागद लावलेला डबा तिनंच उघडला, सुरीनं तुकडा कापून तोंडात टाकला.

"दाढ?" मी विचारलं.

"चीज," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"मला?" दारातून चिंगी म्हणाली.

सुरी थांबली. "वहिनी, तू तुझ्या पोरीला दिलं असतंस?"

"काल दिलं."

तिनं नखाएवढा तुकडा कापला.

"एवढुसाच?" चिंगी रुसली.

ननंदेनं डोळे पुसले आणि चांगला जाडजूड तुकडा कापून लेकीच्या हातावर ठेवला.