खटक्याचा डबा

कोमलला माणसांपेक्षा भांडी लवकर आवडतात, असं तिची सासू मंजुळाबाई चारचौघांत म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. कोमल कुठंही गेली की तिथून काहीतरी घेऊनच सेनगावला परतायची. लोखंडी तवा कनेरगाव नाक्यावरचा, खलबत्ता वाशीमचा. पण या सगळ्यांत लाडका होता तो स्टीलचा डबा. कळमनुरीच्या बाजारात, जुन्या भांड्यांच्या ढिगाखाली तिला तो सापडला होता. झाकणाला आतून रबराची रिंग, दोन्ही बाजूंना खटके. घेण्याआधी तिनं बाटलीतलं पाणी त्यात ओतलं, खटके लावले आणि डबा थेट विकणाऱ्याच्या मांडीवर उलटा धरला.

"बाई, माझ्या पायजम्यावर काहून परीक्षा घेऊन राहिल्या?"

"माल तुमचा, मग पायजमाबी तुमचाच!"

एक थेंब पडला नाही. कोमलला हे तपासणं भागच होतं. एकदा तिच्या पिशवीतली आमटी एसटीत सांडली होती आणि शेजारच्या पांढऱ्या धोतरातले आजोबा हिंगोलीपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

तोच डबा पोळ्याच्या दिवशी घराबाहेर गेला. मंजुळाबाईंनी हाताला लागला तो उचलला, कटाची आमटी भरली आणि नातीला, वैष्णवीला, शेजारच्या खुर्शीदबींकडे पिटाळलं. आता दसरा तोंडावर आला, तरी डब्याचा पत्ता नव्हता.

एवढ्यात कळमनुरीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला सातवा महिना लागला होता. "ताई, मला येसराची आमटी पाहिजे. आई करायची तशी. उद्या रविवारी आण ना, दुसरं काही गोडच लागून न्हाई राहिलं." येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. ते पुडीत बांधून नेऊन आमटी तिथं केली असती, पण बहिणीची सासू पाहुण्याला चुलीजवळ फिरकू देत नसे. म्हणजे आमटी घरूनच न्यायची, एसटीनं, हिंगोलीला गाडी बदलून. त्यासाठी घरात एकही दुसरा डबा भरवशाचा नव्हता. कोमलनं सगळे पाणी भरून उलटे करून पाहिले. ओट्यावर तळं झालं.

"जा की, मागून आण," वैष्णवी म्हणाली.

"डबा मागायचा?" मंजुळाबाईंनी कपाळाला हात लावला. "आमटी पाजून भांड्यासाठी दारात उभं राहायचं? तुझ्या आईची अब्रू जाईल ती जाईल, माझीबी जाईल."

"डबा तुमीच दिला, आत्याबाई."

"मी आमटी दिली. डबा आपोआप गेला."

खरी पंचाईत वेगळीच होती. आपला डबा ज्याच्याकडे अडकलाय, त्याच्या घरी सहज जरी गेलं तरी मागायला आल्यासारखं दिसतं. म्हणून पोळ्यापासून कोमलनं खुर्शीदबींची पायरीच चढली नव्हती. त्या मधले बरेच दिवस लेकीकडे वाशीमला होत्या, एवढंच तिला ठाऊक होतं. परवा परत आल्याचंही तिनं खिडकीतूनच पाहिलं. शेवटी शनिवारी दुपारी ती निघालीच.

"खाला, थोडा कढीपत्ता पाहिजे होता."

"काहून? तुमच्या दारात झाड हाय ना?"

"त्याला… कीड लागली."

बोलता बोलता कोमलची नजर फळीवर गेली. डबा तिथंच होता, घासून लख्ख केलेला. मग तिला खुर्शीदबींचा उजवा हात दिसला. कोपरापर्यंत प्लास्टर.

"खाला! हे कधी?"

"वाशीमला, लेकीच्या न्हाणीत पाय घसरला." खुर्शीदबी ओशाळल्या. "मी तोंड लपवून बसले होते बेटी. तुमचा डबा ठेवून घेतला म्हणून तू येत न्हाईस, मला बराबर समजत होतं. पण भरून आलेला डबा रिकामा कसा धाडू? आमचे खाजा मिया म्हणले, दुकानातली बर्फी घालू. मी म्हणलं, मग डबा घेऊन मीच घर सोडते."

"तसाच द्या ना. आपल्यात कसलं आलंय!"

"तसाच?" खुर्शीदबींच्या कपाळाला आठ्या पडल्या.

कोमलनं थोडा विचार केला. डबा रिकामा मिळणार नाही, आणि या हातानं तो भरला जाणार नाही. मग तिनं पदर खोचला. "तुमी सांगा खाला, मी करते."

ठरले गुलगुले. गुळाचं पाणी, कणीक, बडीशेप. खुर्शीदबी खाटेवर बसून हुकूम सोडत होत्या, कोमल फेटत होती. तेलात पिठाचा थेंब टाकला तर तो बुडायच्या आत वर आला. तेल जास्त तापलंय हे कळेपर्यंत पहिला घाणा काळा पडला होता.

"वरून जळके, आतून कच्चे. माझ्या नावानं हे जाणार न्हाईत."

ते खुर्शीदबींच्या नवऱ्याला, खाजा मियांना मिळाले. बरेच दिवस स्वतःच्या हातची खिचडी खाऊन कंटाळलेल्या त्या माणसाला ते जन्नतीतले वाटले. दुसऱ्या घाण्याला कोमलनं आच कमी केली आणि थेंब तळाला टेकून सावकाश वर येईपर्यंत थांबली. खुर्शीदबींनी एक गुलगुला फोडला, हुंगला, डोळे मिटून खाल्ला आणि मान हलवली. कोमलनं डबा भरून खटके लावले आणि उचलला.

"थांब, थांब! तूच भरलास अन् तूच नेणार? ही कुठली रीत? तू जा घरी. मी घेऊन येते."

दिवेलागणीला डोक्यावर पदर घेऊन खुर्शीदबी दारात आल्या. "डाव्या हातानं देते मंजुळाबाई, माफी असावी."

मंजुळाबाईंनी डबा घेतला. आधी प्लास्टरकडे पाहिलं, त्याची सगळी चौकशी केली. मग सुनेच्या कोपराला चिकटलेल्या पिठाकडे पाहिलं. एक गुलगुला तोंडात टाकला आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणाल्या, "खुर्शीदबी, तुमच्या हाताची चवच न्यारी. आमच्या कोमललाबी शिकवा की कधी."

"शिकेल, शिकेल. पोरगी हुशार हाय," खुर्शीदबी तितक्याच गंभीरपणे म्हणाल्या. "तेल तेवढं जास्त तापवते."

बोलावं लागू नये म्हणून कोमलनं दोन गुलगुले एकदम तोंडात कोंबले आणि डबा घेऊन आत पळाली. आमटीसाठी खोबरं भाजायचं अजून बाकी होतं.