ओल्या गादीचा आळ

माझं नाव छकुली. हसू नका, मित्रांनो. तोंडात एक दात उरलेला नाही, डाव्या डोळ्यानं सगळं धुरकट दिसतं, पाठीवरच्या केसांच्या गाठी झाल्या आहेत, आणि नाव म्हणे छकुली! पण ते ठेवलं तेव्हा मी मुठीएवढी होते. आता मी सोळा वर्षांची म्हातारी मांजर आहे. घरातली मांजर साधारण बारा-पंधरा वर्षं जगते, नीट जपली तर अठरा-वीसही. म्हणजे तुमच्या हिशोबानं मी ऐंशीला टेकले आहे. म्हातारं माणूस बोलायला लागलं की मध्येच उठून जायचं नसतं, एवढं लक्षात ठेवा.

माझा जन्म बारामतीत एका गादी कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे ऊस गाळतात तसला नव्हे. पुढे एक खोली, तिच्यात कापूस पिंजायचं यंत्र, आणि मागे राहायचं घर. मालक होते सरदारभाई. त्यांची बायको चाँदबी आणि मुलगा फिरोज. माझी आई कापसाच्या ढिगातच व्याली. मी डोळे उघडले तेव्हा जिकडं बघावं तिकडं पांढरं आणि मऊ. मला वाटलं, जग असंच असतं. तेव्हा मी लहान होते.

कापसाच्या दुकानाचा खरा वैरी म्हणजे उंदीर. तो कापसात पिल्लं घालतो आणि गादीचं कापड कुरतडतो. माझ्या अमलात एकाची छाती झाली नाही. लग्नाच्या गाद्या भरायला लोक पार इंदापूर, वरकुट्याहून यायचे. तेव्हा सरदारभाई माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगायचे की गादीची गॅरंटी मी देतो आणि उंदराची छकुली देते. मी गल्ल्यावर सासूसारखी ऐटीत बसायचे. सकाळचं दूध आधी माझ्या वाटीत पडायचं, मग घरच्यांच्या चहात. तुमच्या म्हणींमध्ये आम्ही डोळे मिटून चोरून दूध पितो. मी कधी डोळे मिटले नाहीत. माझ्या कष्टाचं होतं ते.

मग सरदारभाई वारले. फिरोजनं दुकानात फोमच्या गाद्या आणल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. फोममध्ये उंदीर राहत नाही, म्हणून मांजरही लागत नाही. पिंजायच्या यंत्रावर ताडपत्री पडली. फिरोज मुळात वाईट नाही, पण त्याला फोनवरून डोळा काढायला फुरसत नसते. त्याची बायको मुबशिरा स्वच्छतेची भोक्ती. माझा एक केस चादरीवर दिसला तरी तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. हळूहळू माझं नाव कुणी घेईना. ‘हट्’ एवढंच ऐकू यायचं. कान शाबूत असण्याचा तोटा असा की जे ऐकू नये ते सगळं ऐकू येतं.

राहिली चाँदबी. तिचे गुडघे गेले होते, माझं कंबरडं. ती मागच्या खोलीत जुन्या कापसाच्या गादीवर बसायची, मी तिच्या पायांशी. दिवसभर तिच्याशी कुणी बोलत नसे आणि माझ्याशीही नाही, म्हणून आम्ही एकमेकींशी बोलायचो. ती सरदारभाईंबद्दल सांगायची आणि मी ऐकायचे. संध्याकाळी भाकरी कुस्करून दुधात कालवून द्यायची, कारण माझे दात एकेक करून गळत होते आणि ते त्या घरात फक्त तिला माहीत होतं.

याच काळात मला भलतीच तहान लागायला लागली. बादलीत तोंड घालून पाणी प्यायचे आणि तरी घसा कोरडा. आमच्या जातीत म्हातारपणी मूत्रपिंडं थकतात, हे मला पुढे कळलं. जितकं पाणी पोटात, तितकं बाहेर यायचंच. घरामागच्या मातीत जायला उंच उंबरा ओलांडावा लागे आणि माझे मागचे पाय उचलेनात. एकदा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माझ्याकडून घाण झाली. मुबशिरा खूप बोलली. फरशी तिलाच धुवावी लागली, तेव्हा तिचंही चुकलं नाही. पण त्या दिवसापासून माझ्यावर शिक्का बसला.

आणि एका पहाटे चाँदबीची गादी ओली झाली.

मी पायांशी झोपले होते आणि ओल गादीच्या मधोमध होती. चाँदबी उठून बसली. तिनं हातानं चाचपलं आणि तोंडावर पदर धरून तशीच बसून राहिली. मित्रांनो, मोरीतल्या पाण्याचा थेंब साडीला लागला तरी ती साडी बदलून मगच नमाजाला उभी राहणारी बाई ती. तिचं दुःख तुम्हाला कसं सांगू. मुबशिरा चहा घेऊन आली, तिला वास आला आणि तिनं माझ्याकडं बघितलं. छकुलीनं केलं वाटतं, असं म्हणाली. चाँदबीनंही माझ्याकडं बघितलं. मग मान खाली घातली.

मला राग आला का? आला. पण तिची भीती मला ठाऊक होती. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीला हाच त्रास होता. तिच्या मुलांनी तिची खाट संडासाशेजारी नेली, खाली प्लास्टिक अंथरलं आणि नातवंडांना तिकडं जायची बंदी केली. चाँदबी तिला बघून आली होती, त्या दिवशी जेवली नव्हती.

कापसाची गादी एकदा भिजली की नुसती उन्हात टाकून भागत नाही. ती उसवायची, कापूस वाळवायचा, पुन्हा पिंजायचा आणि पुन्हा भरून टाके घालायचे. फिरोजनं ते केलं. थोड्या दिवसांनी पुन्हा केलं. त्यानंतरही गादी भिजली तेव्हा त्याचा धीर सुटला. मुबशिरानं सुचवलं की हिला भिगवणच्या मासळी बाजारात सोडू, शेवटचे दिवस तरी मजेत जातील. आमच्याकडं सगळ्यांना असंच वाटतं. मांजर नकोशी झाली की ती भिगवणला सोडायची आणि वर पुण्य केल्याच्या थाटात सांगायचं, मासळीत सोडली. मांजराला कुणी विचारत नाही. आईला मात्र फिरोजनं विचारलं. पोटभर मासे तरी खाईल, असं ती पुटपुटली. तिला ते खरंच वाटत होतं का, मला माहीत नाही. मला ज्या पोत्यात घातलं, त्यात माझ्याखाली तिनं उशीचा जुना अभ्रा अंथरला.

भिगवणला मासे काय विचारता! उजनीच्या पाण्यातली चिलापी, रोहू, कटला, सगळे ढीगच्या ढीग. आणि त्या ढिगांमध्ये मी उपाशी. चिलापीचा काटा दाभणासारखा असतो, बिनदाताच्या तोंडानं तो फोडायचा कसा? तिथल्या बोक्यांनी पहिल्याच दिवशी माझा कान फाडला. खाली बर्फाचं गार पाणी वाहायचं आणि माझे सांधे धरायचे. कुशाबाई नावाची एक बाई मोठ्या विळीवर मासे कापायची. मी तिच्या फळीखाली शिरले. मी माशाच्या डोक्याला तोंड लावून ते तसंच सोडते, हे तिनं बघितलं. वाकून माझा जबडा उघडला आणि म्हणाली, “आणून टाकणाऱ्यानं आदी दात तरी बघायचं व्हतं.”

मग ती आपल्या डब्यातला भात माशाच्या पाण्यात कुस्करून द्यायची. त्यावर मी जगले. पण मित्रांनो, भुकेपेक्षा वाईट काय होतं सांगू? तिथं माझं नाव कुणालाच माहीत नव्हतं. मी फळीखाली बसून गाड्यांची चाकं बघत राहायचे. टेंपो थांबला की मान वर करायचे. त्यातून मासे उतरायचे, माणसं उतरायची, माझं कुणी उतरायचं नाही. असे किती दिवस गेले ते मला सांगता येणार नाही. शेवटी मी मान वर करणं सोडलं.

म्हणून त्या दुपारी मला आधी दिसली ती चाँदबीची चप्पल. फिरोजच्या खांद्याला धरून ती त्या चिखलातून, खवल्यांमधून, माझं नाव घेत येत होती. मी ओरडले. कुशाबाईनं फळी सरकवून मला दाखवलं. आईच्या हट्टामुळं आलेला फिरोज कंटाळलेला होता. पुन्हा गादी भिजली तर मी उसवणार नाही, असं तो बजावत होता. चाँदबी थांबली.

“गादी आजून भिजती, फिरोज. रोज सकाळी मी ती उलटी करून टाकते, म्हणून तुला दिसत न्हाय. छकुलीनं ती कदीच भिजवली न्हवती. मीच.”

कुशाबाईचा हात विळीवर थांबला.  फिरोजच्या पुढच्या शब्दावर माझं घर अवलंबून होतं आणि तिचंही. तो म्हणाला, “आम्मा, मग आदी सांगायचं न्हाय व्हय?”

“सांगितलं असतं तर मला कुठं सोडून आला असतास?”

 फिरोजनं खांद्यावरचा टॉवेल काढला, वाकून मला खवल्यांसकट त्यात गुंडाळलं आणि टेंपोत बसल्यावर आईच्या मांडीवर ठेवलं. वाटेत एके ठिकाणी त्यानं टेंपो बाजूला घेतला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. चाँदबी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

चाँदबीला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. हा आजार आहे आणि तो पुष्कळ बायकांना होतो, असं त्यांनी सांगितलं. मला जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांचा हात गाई-म्हशींचा, पण माणूस मायाळू. मूत्रपिंडं नवी होणार नाहीत, म्हणाले. पाणी जवळ ठेवा, मऊ खायला द्या, मांजराला चढावं लागणार नाही अशा बुटक्या घमेल्यात वाळू भरा आणि उबेला झोपू द्या. मुबशिरानं गादीला मेणकापडाची खोळ शिवली. शिवून झाल्यावर ती चाँदबीचे पाय चेपत बसली. माफी मागितली नाही, पण तेव्हापासून रोज बसते.

तरी खोटं कशाला सांगू, मित्रांनो, दिवस अजूनही फार मोठा वाटतो. सगळे कामाला जातात. चाँदबीचा डोळा लागतो आणि मी एकटीच भिंतीकडं बघत पडून राहते. म्हातारपण असंच असतं, त्याला औषध नाही. पण आता कुणी आलं की आधी माझं नाव घेतं.

तुमच्या घरातही मांजर म्हातारी होईल. माणसंही होतील. एखाद्या सकाळी काहीतरी ओलं सापडेल. तेव्हा कुणी केलं, असं विचारू नका. कोरडं फडकं घेऊन या.